खंड्याची माणसं, ठमीची व्हॅन

व्हॅन घेऊन फिरायला निघतोय आणि कुत्रा-मांजर दोघंही सोबत येतायत म्हटल्यावर ओळखीतल्या प्रत्येकाने साधारण एकच ऐकवलं, कुत्र्याचं ठीक आहे गं, तो खुशाल येईल, मांजराचे कशाला हाल करतेस. व्हेटबाईसुद्धा हसल्या आणि बघा जमतंय का म्हणाल्या. झालं बरोब्बर उलटं. ते का झालं हे लक्षात यायला मात्र निम्मी ट्रिप संपावी लागली, म्हणून रोज रात्री फोनमध्ये खरडलेलं होतं तेच थोडं नीट करून टाकतेय.

आम्ही चौघं. मी, गाडी चालवणारा माझा दादा, खंड्या म्हणजे साधारण अठरा किलोचा गावठी कुत्रा, आणि ठमी, जेमतेम चार किलोची पण घरात शब्द तिचाच चालतो. व्हॅन म्हणजे उंच टपाची मालाची गाडी, आतून प्लायवूड मारून घेतलेली, मागे आडवा बेड, बेडखाली कप्पे. त्यातल्या एका कप्प्याला गोल भोक पाडून आत ठमीचा लिटर ट्रे, म्हणजे शी-शूचा ट्रे, बसवलाय. टपात एक फॅन. बास.

निघायच्या आधी दीडेक महिना ठमीचं जेवण व्हॅनमध्येच व्हायचं. आधी गाडी उभी, दार उघडं. मग दार बंद. मग इंजिन सुरू करून नुसतं उभं राहायचं, मग एक चक्कर, मग दोन. दादाला हा सगळा लाड वाटत होता, पण तिचं जुनं पांघरूण, न धुतलेलं, बेडच्या कोपऱ्यात टाकल्यावर ती आपणहून तिथे जाऊन झोपायला लागली तेव्हा तो गप्प बसला. न धुतलेलं मुद्दाम, कारण मांजराला जागा आपली वाटते ती वासावरून, आणि ती गालाने घासून घासून स्वतःचा वास लावून ठेवते. दोघांची रेबीजची लस, कागद, मायक्रोचिप हे सगळं आधीच झालेलं. चिपबद्दल एक सांगते कारण खूप जणांना वाटतं की चिप असली म्हणजे प्राणी कुठे आहे ते फोनवर दिसतं. तसं काही नसतं. तिच्यात बॅटरीच नसते, स्कॅनर जवळ धरला की पंधरा आकडी नंबर दिसतो, एवढंच. त्या नंबरासमोर नोंदवलेला फोन जुना असेल तर चिप असून नसल्यासारखी. आम्ही निघायच्या आधी नंबर तपासला आणि दोघांच्या पट्ट्यात जीपीएसचे टॅग वेगळे घातले.

पहिला दिवस

पहाटे निघालो. खंड्याला आदल्या रात्रीनंतर काही दिलं नव्हतं, फक्त पाणी, कारण त्याला गाडी लागते. पिल्लांना लागतेच बऱ्याचदा, कानातला तोल सांभाळणारा भाग तयार व्हायचा असतो, मोठी झाली की बहुतेकांची जाते, याची गेली नाही. उलटीच्या आधी तो ठरलेल्या क्रमाने सगळं करतो, ओठ चाटणार, जांभया देणार, मग लाळेची तार. व्हेटबाईंनी मॅरोपिटंटची गोळी दिली होती, निघायच्या दोन तास आधी द्यायची, डोस वजनावर असतो त्यामुळे दुसऱ्याच्या कुत्र्याची गोळी आपल्याला चालत नाही. गोळीने उलटी झाली नाही. लाळ गळलीच, सीटवर टाकलेली चादर संध्याकाळपर्यंत ओलीचिंब.

तो मागच्या सीटवर, हार्नेस घालून, बेल्टला अडकवलेला. गळ्यातल्या पट्ट्याला कधीच अडकवायचं नाही, ब्रेक लागला की सगळा झटका मानेवर. आणि पुढच्या सीटवर बसवायचं नाही कारण एअरबॅग माणसाच्या मापाने बनवलेली असते. दादाला तो पुढे शेजारी बसलेला हवा होता, फोटोत तसंच असतं ना सगळीकडे. मग त्यानेच एकदा हिशोब मांडला की ताशी ५० किलोमीटरने जाताना कशावर आदळलो तर अठरा किलोचं कुत्रं त्या क्षणाला जवळजवळ अर्ध्या टनाच्या जोराने पुढे येईल. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

ठमी कडक प्लास्टिकच्या कॅरियरमध्ये, सीटमागे जमिनीवर, दोन्ही बाजूंनी घट्ट बसवून वरून पट्टा, अर्ध्यावर चादर. मोकळं मांजर चालत्या गाडीत ब्रेकच्या पायाखाली जाऊन बसू शकतं, त्यामुळे यात तडजोड नाही. पहिली वीस मिनिटं ओरडली. नंतर आवाज बंद, मी वाकून बघते तर मॅडम पाय पोटाखाली घेऊन झोपलेल्या.

दुपारी खंड्याला खिडकीतून डोकं काढायचं होतं, आम्ही दिलं नाही. धूळ, खडे, किडे, सगळं डोळ्यात जातं. यावरून आठवलं, १९०३ साली होराशियो नेल्सन जॅक्सन आणि सूअल क्रॉकर हे दोघं विंटन कंपनीच्या मोटारीतून सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला गेले, मोटारीने अमेरिका आडवी पार करणारे पहिले तेच, ६३ दिवस लागले. वाटेत आयडाहोमध्ये त्यांनी बड नावाचा कुत्रा घेतला. टप नसलेली गाडी, पुढे काच नाही, खारट धुळीने त्याचे डोळे सुजायला लागले, तर जॅक्सनने त्यालासुद्धा गॉगल चढवला. ती मोटार आणि तो गॉगल अजून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहेत. कुत्रा घेऊन रोड ट्रिप हे काल-परवाचं फॅड नाही हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला मग खंड्यालाही आणू गॉगल. आणला असता तर त्याने तो खाल्ला असता.

रात्री मुक्कामाला एक कॅम्पसाइट. खंड्या जेवला, ठमीने वाटीला तोंडही लावलं नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर साठलेली चरबी लिव्हरवर चढून गंभीर आजारी पडू शकतं, म्हणून कुत्र्याने एक वेळ जेवण टाळलं तर मी घाबरत नाही, मांजराने टाळलं की घड्याळ बघते. दिवे घालवले, आम्ही गप्प पडून राहिलो, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला कुरूमकुरूम आवाज आला. मग लिटरमध्ये उकरण्याचा. दादा अंधारातच म्हणाला, झालं एकदाचं.

दुसरा दिवस

ऊन. दिवसभर ऊन हा एकच विषय.

सामान घ्यायला एका शहरात थांबायचं होतं. आमचा नियम ठरलेला, एकाने खाली उतरायचं, दुसऱ्याने व्हॅनमध्ये, दार उघडं, गाडी सावलीत. पाच मिनिटांत येतो वगैरे नाही. २००५ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या गाडीचं तापमान मोजलं होतं, तासाभरात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर फारसं गरम नसलं तरीही. काच बोटभर खाली ठेवून काही फरक पडला नाही. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावालाच, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर, आणि आजूबाजूची हवाच तापली की धापा टाकूनही शरीर थंड होत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांचं तर विचारूच नका, त्यांना आधीच श्वास पुरत नाही.

आता लोक म्हणतात एसी लावून ठेवा. दादाने याचंही गणित केलेलं आहे, त्याला गणितं फार आवडतात. आमची लिथियमची बॅटरी १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची, म्हणजे साधारण बाराशे वॅट-अवर वीज. टपातला फॅन तीसेक वॅट घेतो, तो दिवसभर चालेल. टपावरचा एसी हजार वॅटच्या पुढे खेचतो, म्हणजे तासाभरात बॅटरी झोपली, आणि ती झोपली हे दुकानातल्या माणसाला कळणार कसं? इंजिन चालू ठेवून एसी लावला तर इंजिन बंद पडू शकतं, कुत्र्याचा पंजा बटणावर पडू शकतो. तापमान बघून फोनवर मेसेज पाठवणारं यंत्र मिळतं, पण ते नेटवर्कवर अवलंबून. नाहीच. माणूस थांबायचं.

तर दादा उतरला आणि इथे खंड्याचं खरं रूप दिसलं. दादा कोपऱ्यावरून वळला तसा हा जो विव्हळायला लागला तो दादा परत येईपर्यंत. मी शेजारी बसलेली. पाणी, खेळणं, पोट खाजवणं, कशाचा उपयोग नाही, नजर त्या कोपऱ्यावर. ठमी वरच्या फळीवर पसरून खाली बघत होती.

संध्याकाळी फिरायला नेताना डांबरावर उलटा तळहात ठेवून बघितला, दोन सेकंदही ठेववेना. हवा २५ अंश असली तरी भर उन्हात डांबर ५० च्या वर गेलेलं असू शकतं. तळहात सात सेकंद ठेवता आला तरच कुत्र्याला त्यावर चालवायचं, आणि तो दिवस तसा नव्हता, मातीचा तुकडा शोधून काम भागवलं.

तिसरा दिवस

आज गाडी थोडीच चालवली. तळ्याकाठी थांबलो. बघताक्षणी खंड्या लीश ताणून पाण्याकडे, आणि काठाला हिरवी साय धरलेली, रंग सांडल्यासारखी. मागे फिरवला. अशी साय बऱ्याचदा सायनोबॅक्टेरियाची असते, सगळीच विषारी नसते पण डोळ्यांनी बघून ओळखता येत नाही आणि विषारी असली तर कुत्रं काही तासांत जाऊ शकतं. अंगावर लागलेलं चाटूनसुद्धा. तो संध्याकाळभर रुसून होता. पिण्याचं पाणी आम्ही घरचंच नेलेलं, किलोमागे दिवसाला पन्नास-साठ मिली धरा, म्हणजे त्याला लिटरभर, उन्हात त्याहून जास्त.

ठमीला हार्नेस घालून पहिल्यांदा बाहेर काढलं. बाहेर म्हणजे दारातल्या पायरीपर्यंत. तिथे बसली, सगळं बघितलं, आत गेली. मला वाटलं घाबरली. पण शेपूट वर, कान पुढे. तिला फक्त तेवढंच बघायचं होतं.

चौथा दिवस

पाऊस, आणि जागेवरून हलता येईना. चार जीव आणि एक खोली.

ओल्या कुत्र्याच्या वासाबद्दल मी काही लिहीत नाही. स्वयंपाक आतच करावा लागला, अशा वेळी टपातला फॅन चालू आणि खिडकी थोडी तरी उघडी हवीच, गॅसच्या ज्योतीने बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. अलार्म बेडच्या उंचीला लावलेला आहे. दादाने तो बटण दाबून तपासला, आवाजाने खंड्या बेडखाली आणि ठमी गायब.

गायब म्हणजे पूर्ण. दार बंद होतं त्यामुळे आतच असणार, पण सात फुटांच्या जागेत मांजर सापडेना. कप्पे उघडले, गादी उचलली, सीटखाली टॉर्च मारला. टॅग सांगतोय की ती इथेच आहे, धन्यवाद. दादा अगदी कावला.

"अगं हिच्यासाठी मी गाडी खोलू का आता?"

"खोलू नकोस रे दादा, ओरडू पण नकोस, तुझ्या आवाजानेच बसली असेल."

"मी अजून ओरडलेलो नाहीये!"

शेवटी खाऊचा डबा वाजवला तर पाण्याच्या टाकीमागून म्याव. टाकी आणि पत्र्याच्या मध्ये चार बोटांची फट आहे. मांजराचं कॉलरबोन बाकी हाडांना सांधलेलं नसतं, त्यामुळे डोकं गेलं की बाकीचं जातंच. ती तिच्या सवडीने बाहेर आली, अर्ध्या-पाऊण तासाने, जाळी लागलेली, आणि खाऊ खाऊन पुन्हा फळीवर. त्या दिवसापासून किल्ली फिरवायच्या आधी दोन्ही डोकी मोजायची आणि मोठ्याने बोलायचं, खंड्या आहे, ठमी आहे, चला.

त्या संध्याकाळी कुठेच जायचं नव्हतं आणि खंड्या ट्रिपमध्ये पहिल्यांदाच गाढ झोपला. पाय ताणून, घोरत. मला आधी वाटलं गाडी चालत नाहीये म्हणून. मग दादा बोलला की आज आपण दोघं पूर्ण दिवस त्याच्या नजरेसमोर आहोत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खंड्याला व्हॅन, तळं, डोंगर यातलं काहीच नको असतं, त्याचं घर म्हणजे आम्ही दोघं, आणि ट्रिपमध्ये आम्ही दोघं सारखे इकडेतिकडे होतो, एक पाण्याला, एक आंघोळीला, एक कागद दाखवायला. प्रत्येक वेळी त्याचं घर अर्धं रिकामं होतं. ठमीचं घर म्हणजे जागा. फळी, पांघरूण, लिटरचा कप्पा. व्हॅनच्या बाहेर रोज नवा देश आला तरी आतलं काही हललेलं नाही, तर तिच्या हिशोबाने ती कुठे गेलेलीच नाहीये. मांजर जागेला चिकटतं म्हणून त्याला फिरवू नये असं म्हणतात, पण जागाच फिरती असेल तर?

पाचवा दिवस

हे कळल्यावर आम्ही कामं वाटून घ्यायची पद्धत बदलली. शक्य तिथे खंड्याला जो उतरेल त्याच्यासोबत न्यायचं, आणि जिथे चालत नाही तिथे जाताना गाजावाजा, समजूत घालणं, येतो हं बाळा, सगळं बंद. उतरायचं आणि जायचं. आधी दहा पावलं जाऊन परत, मग पंचवीस, असं दिवसभर मध्ये मध्ये केलं, ठमीचा दीड महिना आठवून. त्याला व्हॅनची सवय करायची गरजच नव्हती, आम्ही जाऊन परत येतो याची करायला हवी होती. एका दिवसात जादू वगैरे झाली नाही पण विव्हळण्याचं कण्हण्यावर आलं.

दुपारी संरक्षित जंगलाच्या गेटवर पाटी, पाळीव प्राण्यांना बंदी. आमच्या पुढचा माणूस गेटवरच्याशी हुज्जत घालत होता की माझा कुत्रा एकदम शांत आहे हो. शांत असण्याचा प्रश्नच नाही. कुत्र्याचा नुसता वास आणि मूत राहिलं तरी रानातले प्राणी ती जागा टाळतात, आणि रोगाचं तर त्याहून वाईट. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर नावाच्या विषाणूच्या आजाराने तिथल्या सिंहांपैकी साधारण एक तृतीयांश मेले, हजाराच्या आसपास, आणि साथ आली ती आसपासच्या वस्त्यांमधल्या पाळीव कुत्र्यांकडून असं मानलं जातं. अमेरिकेतल्या नॅशनल पार्कमध्ये जिथे कुत्रा नेता येतो तिथेसुद्धा लीश सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही. आम्ही जंगल सोडलं, बाहेरच्या रस्त्याने गेलो. हे आधी बघून ठेवलेलं होतं म्हणून दुसरा रस्ता हाताशी होता.

रात्री गोचीड तपासणी. कानाच्या आत, काखेत, बोटांच्या मध्ये, शेपटीच्या बुडाला. एक सापडली, बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढली. तेल, काडी, मीठ असलं काही करायचं नाही, त्याने ती उलट लाळ आत सोडते. अजून एक, कुत्र्यासाठीची पर्मेथ्रिनवाली गोचिडीची औषधं मांजराला विष आहेत, एकाच व्हॅनमध्ये दोघं असतील तर हे पाठच करा. आणि आपली डोकेदुखीची पॅरासिटामॉल, तीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते, आमच्या औषधाच्या डब्याला म्हणूनच कुलूप आहे.

सहावा दिवस

समुद्र! खंड्या वेडा झाला. धावला, खड्डा केला, खड्ड्यात बसला, खेकड्यावर भुंकला, खेकडा आला तर पळाला. खारं पाणी जास्त प्यायलं तर जुलाब होतात आणि फारच प्यायलं तर मेंदूपर्यंत जातं प्रकरण, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी बाजूला बोलावून गोडं पाणी पाजत होतो आणि शेवटी पाय-पोट धुतलं, मीठ चाटत बसू नये म्हणून.

दादा पोहायला आत गेला. मी श्वास रोखून. खंड्या उभा राहिला, एकदा बारीक कण्हला, माझ्याकडे बघितलं, आणि वाळूत बसला. नजर पाण्यावरच होती, पण बसला! मी ओरडून दादाला सांगितलं, त्याला ऐकू गेलं नाही, त्याला वाटलं शार्क.

ठमी? फळीवर. खिडकीतून समुद्र दिसत होता. तिने एकदा बघितलं आणि पाठ केली.

शेवटचा दिवस

परतीचा रस्ता लांब. दर दोन-अडीच तासांनी थांबा, पाणी, शू, दहा मिनिटं चालणं, पुन्हा बेल्ट. यात वेळ जातो. नकाशावर जेवढे तास दाखवतात त्यात थांब्यांसाठी निदान पाव तरी वाढवून धरायचे. खंड्याची लाळ यावेळी कमी होती, गोळीमुळे की सवयीमुळे माहीत नाही.

घरी पोचलो, दार उघडलं, खंड्या घरात एक फेरी मारून दादाच्या पायाशी येऊन पडला, विषय संपला. ठमीला उचलून आत नेलं तर ती कोचाखाली जाऊन बसली, जेवेना. ट्रिपमध्ये एक पहिली रात्र सोडली तर जे केलं नव्हतं ते घरी येऊन केलं. शेवटी रात्री मी तिचं पांघरूण व्हॅनमधून काढून आणलं, कोचाखाली सरकवलं, मग वाटी रिकामी झाली.

दादा सकाळपासून व्हॅनमध्ये ठोकाठोक करतोय. टाकीमागची फट बंद करायची आहे, औषधाच्या डब्याचं कुलूप बदलायचंय, फळीला कडेने पट्टी लावायची आहे कारण वळणावर ठमीची वाटी घसरते. मी म्हणतेय दुसरी बॅटरी घेऊ, तो म्हणतोय वजन वाढेल. ठमी सध्या त्याच्या टूलबॉक्सवर बसली आहे त्यामुळे काम थांबलंय.